पन्नास रुपयांचा डाव आणि शेतकऱ्याचा स्वभाव

१९७५ च्या उन्हाळ्यात हैदराबादजवळच्या पटनचेरूमधल्या 'इक्रिसॅट' या संस्थेने कोरडवाहू भागातल्या काही गावांत आपली माणसं राहायला पाठवली. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर ही ती गावं. शेतकऱ्याच्या घरात काय पिकलं, काय विकलं, कुणाकडून उसने घेतले, बैल कधी गेला, मजुरीला कोण गेलं, याची नोंद ही माणसं गावातच राहून वर्षानुवर्षं करत राहिली. भारतातल्या कोरडवाहू शेतीबद्दल जगभर झालेले कितीतरी अभ्यास या वह्यांवर उभे आहेत. आपल्याकडे मात्र शिरापूर किंवा कंझऱ्याचं नाव या संदर्भात क्वचितच कुणी घेतं.

या गावांत हान्स बिन्सवांगर या मूळच्या स्विस अर्थतज्ज्ञाने एक डाव मांडला. शेतकरी जोखीम घ्यायला किती भितो, हे त्याला मोजायचं होतं. आधी नुसतं विचारून पाहिलं. मग खरे पैसे ठेवून, नाणं उडवून पाहिलं. सुरुवात अर्ध्या रुपयाने, मग ५ रुपये, मग ५० रुपये. पन्नासच्या डावात ज्याला काहीच धोका नको त्याला छापा पडो की काटा, ५० रुपये मिळणार. दुसऱ्या टोकाला नाणं एका बाजूला पडलं तर २०० रुपये आणि दुसऱ्या बाजूला पडलं तर हात हलवत घरी. मध्ये निरनिराळ्या पायऱ्या होत्या. एकीत ४५ किंवा ९५, दुसरीत ३० किंवा १५०. मोठ्या डावात मिळू शकणारी रक्कम तेव्हाच्या मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती, त्यामुळे हा पोरखेळ नव्हता. हे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले.

त्यातली पहिली गोष्ट प्रत्येक पत्रकाराने, प्रत्येक कृषी अधिकाऱ्याने ऐकावी अशी आहे. तोंडी विचारून मिळालेली उत्तरं आणि पैसे समोर ठेवल्यावर केलेली निवड यांचा एकमेकांशी काही मेळच बसला नाही. कोण विचारतंय त्यानुसारही उत्तरं बदलत होती. वहीपेन घेऊन ओसरीवर बसलेल्या पाहुण्याला शेतकरी जे सांगतो ते पाहुण्यासाठी असतं.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. आठ आण्यांच्या डावात माणसं विखुरलेली होती. कुणी धाडसी, कुणी अगदी सावध. पण रक्कम वाढत गेली तशी ती एकमेकांच्या जवळ सरकत गेली. पन्नासच्या डावात जवळजवळ सगळेच मधल्या पायऱ्यांवर येऊन थांबले. पार टोकाचा धोका घेणारे फार थोडे आणि सगळंच टाळणारेही थोडे. श्रीमंताची भीती गरिबापेक्षा किंचित कमी दिसली, पण ती इतकी किंचित की आकडेशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. वय, शिक्षण, जमीन यांतल्या कशानेच मोठा फरक पडलेला दिसला नाही.

आता हे गावच्या पारावरच्या बोलण्याशी ताडून पाहा. एकाने विहीर पाडली, ठिबक बसवलं, डाळिंब लावलं. तो 'धाडसी'. शेजारचा तीच ज्वारी, तीच तूर करत राहिला. तो 'भित्रा', 'जुन्या वळणाचा'. सरकारी कागदांत याच विभागणीला 'प्रगतिशील' आणि उरलेले असं रूप येतं. बिन्सवांगरने मोजून दाखवलं की या दोघांच्या पोटात धोक्याची भीती जवळजवळ सारखीच होती. मग एकाने विहीर पाडली आणि दुसऱ्याने नाही, याचं कारण स्वभावाच्या आधी कर्ज कुणाला मिळतं, माल कुणाचा विकला जातो, माहिती कुणाच्या दारापर्यंत येते, इथे शोधायला हवं. गेली पंचेचाळीस वर्षं हा निष्कर्ष आपल्या हाताशी आहे आणि तरी शेतकऱ्याच्या स्वभावावरची प्रवचनं थांबलेली नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेतकरी मूर्ख नाही, हे सांगण्याची परंपराही जुनी आहे. अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झने १९६४ सालीच मांडलं होतं की पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हातात असलेल्या साधनांचा वापर तो अतिशय हिशेबीपणाने करतो. १९७९ साली त्याला नोबेल मिळालं. जवळपास त्याच सुमारास चाकणला कांद्याच्या आंदोलनात शेतकरी नेते शरद जोशी शेतकऱ्यांना सांगत होते की तुमची गरिबी तुमच्या आळसातून आलेली नाही, ती भावातून आलेली आहे. त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या अवस्थेचं मूळ त्याच्या विद्येवर आणि धनावर कुणाकुणाचा ताबा आहे, तिथपर्यंत नेऊन दाखवलं होतं.

धोक्याची भीती सारखी असूनही वागणं वेगळं का होतं, याचं उत्तर त्याच गावांच्या वह्यांतून पुढे निघालं. अर्थतज्ज्ञ मार्क रोझेनझ्वाइग आणि बिन्सवांगर यांनी १९९३ साली पावसाची तारीख आणि शेतकऱ्याची मालमत्ता शेजारी ठेवून पाहिली. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कधी सुरू होतो, यातली अनिश्चितता कोरडवाहू शेतीला जास्त छळते. मृगात पेरलं आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी आलीच. ज्याच्या घरात दुसऱ्या बियाण्याचे पैसे आहेत तो नफ्याचं पीक धरून बसतो. ज्याच्याकडे नाहीत तो आधीपासूनच कमी नफ्याची, कमी दगा देणारी मांडणी करतो. त्यांच्या गणितात मोसमाच्या सुरुवातीची अनिश्चितता एका ठरावीक प्रमाणात वाढली की सर्वांत गरीब पाव हिश्शातल्या शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांनी घटतो, मधल्यांचा १५ टक्क्यांनी आणि सर्वांत सधन शेतकऱ्यांना त्याची झळ जवळजवळ लागतच नाही. पाऊस एकच, शिवार एकच. गरिबाने पत्करलेली सावधगिरी ही त्याने भरलेला विम्याचा हप्ता असतो आणि तो दर वर्षी, चांगल्या पावसाच्या वर्षीही, कापला जातो. त्याच नोंदींमधून हेही पुढे आलं की वाईट वर्षात ही घरं बैल विकून पोट भरत. बैल गेला की पुढच्या वाफशाला पेरणी वेळेवर होत नाही आणि गावाला वाटतं, हा माणूस उशीरच करतो.

स्वभावाचं हे झालं. बुद्धीचं काय?

तमिळनाडूत विळुपुरम आणि तिरुवण्णामलै भागातल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ यांचा. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात, त्यामुळे तोडीच्या आधीचे महिने ओढाताणीचे आणि नंतरचे महिने सैल जातात. तोडीची तारीख कारखाना ठरवतो आणि ती शेतकऱ्यागणिक वेगळी असते. म्हणजे एकाच महिन्यात कुणी तोडीआधीचा असतो, कुणी नंतरचा. त्यामुळे हवामानाचा किंवा सणावारांचा परिणाम वेगळा काढता आला. संशोधकांनी एकाच शेतकऱ्याची तोडीआधी आणि तोडीनंतर अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली. आकृत्यांच्या मालिकेतली हरवलेली आकृती ओळखायची, असं तिचं स्वरूप होतं. अक्षरओळखीची गरज नव्हती. दहा प्रश्नांपैकी तोडीआधी सरासरी ४.३५ बरोबर आले आणि तोडीनंतर ५.४५. तोडीआधी ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, तोडीनंतर ४ टक्क्यांनी.

माणूस तोच, मेंदू तोच, घरही तेच. बदलली ती डोक्यावरची काळजी. जो शेतकरी तोडीनंतर हुशार निघाला तोच तोडीआधी मंद ठरला असता. मग बँकेच्या साहेबाने कोणत्या महिन्यातल्या भेटीवरून त्याच्याबद्दल मत बनवलं, यावर त्याचं पुढचं वर्ष ठरतं. या अभ्यासावर आक्षेप आले, तेही सांगायला हवेत. त्याच्या आकडेमोडीवर त्याच नियतकालिकात टीका झाली आणि अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर घेतलेल्या चाचण्यांत असा फरक सापडला नाही. पण पगाराच्या दोन दिवस आधीची चणचण आणि वर्षभराच्या पिकाच्या पैशाची वाट पाहणं यांची तुलना मला पटत नाही. त्यापेक्षा ओडिशातला नंतरचा प्रयोग या प्रश्नाला जास्त जवळचा वाटतो. तिथे पानांच्या पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांपैकी काहींना मजुरी थोडी आधी दिली. एकूण पैसे तेवढेच. त्यांनी लगेच देणी फेडली आणि पुढच्या दिवसांत त्यांचं काम सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, कामातल्या चुकाही घटल्या. सर्वांत गरीब मजुरांत हा फरक सर्वांत जास्त होता.

आपल्याकडे हीच ओढाताण मार्चअखेरीला गावोगाव दिसते. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला महाराष्ट्रात व्याज लागत नाही. म्हणून ३१ मार्चच्या आत सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं असतं. हातात पैसे नसतात. मग चार-आठ दिवसांसाठी सावकाराकडून, अडत्याकडून, पाहुण्यांकडून उचल घ्यायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज उचलायचं आणि ज्याचे त्याला परत करायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता कागदी खेळ वाटतो. पण या दिवसांत त्या माणसाच्या डोक्यात दुसरा कोणताही विचार मावत नाही. आणि नेमक्या याच काळात पुढच्या खरिपाचं नियोजन करायचं असतं, मातीपरीक्षण करायचं असतं, बियाणं ठरवायचं असतं.

उसाला आपल्याकडे 'आळशाचं पीक' म्हणतात. मराठवाड्यात पाण्याचा तुटवडा असताना ऊस वाढला तेव्हा हे वाक्य पांढरपेशा चर्चांमध्ये फार ऐकू आलं. यात आळस किती आणि हिशेब किती, हे तपासायला हवं. उसाला २००९-१० पासून एफआरपी म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर आहे. तोडणी-वाहतूक कारखाना करतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे. कारखाने ते पाळत नाहीत म्हणून दर हंगामात आंदोलनं होतात, पण निदान बंधन आहे. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. भाजी, कांदा, डाळिंब, कापूस यांपैकी कुणाला एवढं छत्र आहे? उजनी धरणाचं पाणी आलं आणि ज्वारीचा सोलापूर जिल्हा पुढे साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. त्या जिल्ह्यातल्या माणसांचा स्वभाव एका पिढीत बदलला, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने पुरावा द्यावा. पाण्याच्या दृष्टीने ऊस चुकीचा आहे, हे माझं ठाम मत आहे. पण तो निवडणारा शेतकरी आळशी नाही. त्याच्यासमोर ठेवलेल्या भावांत आणि हमींत तो सर्वांत शहाणा निर्णय घेतो. तो बदलायचा असेल तर हमी बदलाव्या लागतील.

इतकं सांगितल्यावर स्वभावाला आणि बुद्धीला काहीच जागा उरत नाही, असं मात्र कुणी समजू नये. ती जागा आहे आणि ती फार सुंदर आहे. पायाखालची जमीन थोडी स्थिर असली की माणसामाणसातला फरक उघडा पडतो.

स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात एडिंबराच्या संशोधकांनी, त्यांत बुद्धिमापनाचे जगप्रसिद्ध अभ्यासक इयन डिअरीही होते, २५२ शेतकऱ्यांचे स्वभाव, वृत्ती, उद्दिष्टं आणि शेतीतले निर्णय शेजारी ठेवून पाहिले. तिथे अनुदान आहे, विमा आहे, मोठी धारणक्षेत्रं आहेत. तरीही त्यांना स्वभावातून निर्णयाकडे सरळ रस्ता सापडला नाही. स्वभाव आधी माणसाला काय मिळवायचं आहे ते ठरवतो आणि ते उद्दिष्ट पुढे निर्णय ठरवतं. कुणाला नफा वाढवायचा असतो, कुणाला बापजाद्यांची जमीन जशीच्या तशी मुलाच्या हाती द्यायची असते, कुणाला चांगला शेतकरी म्हणून पंचक्रोशीत नाव हवं असतं. नफ्याचं माप लावलं की यातले बरेच जण कच्चे ठरतात, पण ते त्या परीक्षेला बसलेलेच नसतात.

आपल्याकडची नाशिकच्या बागलाण भागातली अर्ली, म्हणजे हंगामाआधीची, द्राक्षं घ्या. नेहमीची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास होते. इथे काही जण पावसाळ्यातच छाटणी घेतात, म्हणजे माल डिसेंबर-जानेवारीत, भाव चढा असताना, बाजारात जातो. पण फुलोऱ्यात पाऊस सापडला तर डावणी आणि गळकूज सगळं घेऊन जाते. काही जण बागेचे तुकडे पाडून टप्प्याटप्प्याने छाटतात. सारख्या मातीचे, सारख्या पाण्याचे, सारख्या कर्जाचे दोन बागायतदार या ठिकाणी वेगवेगळे वागतात आणि इथे मला खरोखर स्वभाव दिसतो. द्राक्षाने महाराष्ट्रात निरीक्षणाची एक परंपराच उभी केली. थॉमसन सीडलेसच्या वेलींतून वेगळी फांदी हेरून तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' दिली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' दिली. हजारो वेलींतली एक वेगळी आहे, हे ओळखायला डोळा लागतो आणि ती वाढवून पाहायला धीर लागतो. दोन्ही गोष्टी शाळेत शिकवल्या जात नाहीत.

याहूनही मोठं उदाहरण दादाजी खोब्रागडे यांचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर झाक असलेल्या तीन लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. वर्षानुवर्षं. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. पण दीड एकरावर वाण पसरत नाही. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने ते बियाणं नेऊन आपल्या रानात लावलं, भरघोस पिकवलं, तेव्हा ते तळोधीच्या बाजारात पोचलं आणि व्यापाऱ्यांनी त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव दिलं. पुढे हा तांदूळ विदर्भ ओलांडून अनेक राज्यांत गेला. दादाजींनी आणखीही वाण शोधले. त्यांना पुरस्कार मिळाले, नियतकालिकांनी त्यांचा गौरव केला आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती त्यांच्या तांदळाच्या बाजाराशी कुठल्याही अर्थाने जुळणारी नव्हती.

बुद्धी, चिकाटी, नव्याची ओढ, काटेकोरपणा यांतलं ज्या गुणाचं नाव घ्याल तो दादाजींपाशी होता. त्या गुणांनी वाण जन्माला घातला. त्या वाणाचा पैसा मात्र ज्यांच्याकडे रान, गोदाम आणि बाजार होता त्यांच्याकडे गेला. शेतकऱ्याच्या यशावरून त्याची हुशारी मोजणाऱ्या प्रत्येक अभ्यासाने दादाजींना आपल्या तक्त्यात कुठे बसवणार, याचं उत्तर द्यावं.

नशिबाचीही एक गोष्ट बिन्सवांगरच्या डावांत सापडली होती. आधीच्या फेऱ्यांत ज्याचं नाणं सारखं सरळ पडलं, तो पुढच्या फेरीत जास्त धाडसी झाला. सलग तीन वर्षं भाव लागलेला शेतकरी 'धाडसी' दिसतो आणि सलग तीन वर्षं मार खाल्लेला 'खचलेला', ते काही अंशी असंच घडतं. कांद्यात तर निर्णय चांगला की वाईट, हे शेतकऱ्याच्या हातात राहतच नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवणं हा धीराचा, हिशेबाचा निर्णय. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्याच्या अटींसह. लासलगावच्या परिसरात बंदीआधी ज्याने माल विकून टाकला तो शहाणा ठरला आणि ज्याने त्यानंतरही थांबायचा धीर दाखवला तो फसला. दिल्लीतली अधिसूचना ओळखता येईल अशी कुठलीही बुद्धिमत्ता मानसशास्त्राला ठाऊक नाही.

म्हणून माणसाचा स्वभाव मोजून कर्ज द्यायची नवी टूम मला काळजीची वाटते. परदेशात लहान व्यावसायिकांना कर्ज देताना मानसशास्त्रीय चाचण्या वापरून झाल्या आहेत. आपल्याकडे पीककर्जासाठी सिबिलचा, म्हणजे पतगुणांकाचा, आग्रह धरू नका, असं राज्य सरकारला बँकांना वारंवार बजावावं लागतं. उद्या सिबिलच्या जागी स्वभावाचा आकडा आला तर तोडीआधीच्या महिन्यात घेतलेली परीक्षा माणसाच्या गळ्यात कायमची बांधली जाईल.

स्वभाव ओळखून मदत करायची असेल तर तिची दिशा वेगळी हवी. पश्चिम केनियात बुसिया भागात एस्तेर दुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांना दिसलं की पुढच्या हंगामात खत वापरू, असं जवळजवळ सगळेच शेतकरी म्हणतात आणि प्रत्यक्षात वापरतात ते एक तृतीयांशाच्या आसपास. सुगीचे पैसे पेरणीपर्यंत उरत नाहीत. हा माणसाचा कच्चेपणाच आहे, शहरातल्या पगारदाराचाही असतो. त्यांनी शिकवणी घेतली नाही. सुगी झाल्याबरोबर दारात जाऊन खताची चिठ्ठी विकत घ्यायला सांगितलं आणि खत घरपोच मोफत आणून देऊ, एवढीच सवलत ठेवली. खत वापरणारे लक्षणीय वाढले. उत्तर घानात विमा हाती असलेले शेतकरी शेतीत जास्त पैसा घालू लागले आणि जास्त धोक्याची, जास्त नफ्याची पिकं घेऊ लागले. त्यांच्या स्वभावाला कुणी हात लावला नव्हता. आपल्याकडे २०२३ च्या खरिपात १ रुपयात पीकविमा आला आणि २०२५ मध्ये गैरप्रकारांचं कारण देऊन तो मागे घेण्यात आला. बोगस अर्ज झाले हे खरं, पण त्याची शिक्षा खऱ्या शेतकऱ्याला देऊन आपण त्याला पुन्हा सावध ज्वारी-तुरीकडे ढकललं आहे.

ठिबकचा अर्ज, फळबागेची योजना, मातीपरीक्षणाचा आग्रह, कर्जाच्या अटींचं समजावणं ही सगळी कामं आपली यंत्रणा मार्च ते जुलैत, म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त ओझं असताना काढते. ती दिवाळीनंतर, सोयाबीन आणि कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे घरात असताना काढायला हवीत. यासाठी नवा पैसा लागत नाही, फक्त तारखा बदलाव्या लागतात. आणि आपल्या चारही कृषी विद्यापीठांपैकी एकाने तरी तमिळनाडूतली ती चाचणी घेऊन कंझऱ्याला जावं. कापूस उत्पादकाला ती एकदा पेरणीच्या तोंडावर द्यावी आणि एकदा वेचणीनंतर. १९७५ पासूनच्या नोंदींमुळे, मधला खंड धरूनही, त्या गावातल्या कितीतरी घरांचा वर्षानुवर्षांचा हिशेब तयार आहे. असा ठेवा दुसऱ्या कोणत्याही राज्याने इतकी वर्षं न वापरता ठेवला असता, असं मला वाटत नाही.